न खोललेल्या इंजिनाचा भाव

मोटारीच्या इंजिनासाठी मी एकदा तीन दरपत्रकं मागवली होती. बंद पाकिटातून. पाकिटांवर जावक क्रमांकही घातले होते, आणि ते कुठल्या कार्यालयाचे नव्हेत, माझ्या स्वयंपाकघराचे. जन्मभरात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण इतका नीटनेटका, डाव्या बाजूला समास सोडून केलेला मूर्खपणा हा एकच.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते. हसू नका. आज पंच्याहत्तरी गाठल्यावर ती बाई मला पोरच दिसते. मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झालेली, खांद्यावर पिन, गळ्यात दोरीचा चष्मा, आणि जगातल्या निम्म्या लोकांना नियम शिकवायचे राहून गेलेत अशी पक्की खात्री. समोर आली तर कान धरून बाकावर उभी करीन. शाळेचं छप्पर गळो, बाक मोडो की खडू संपो, तीन दरपत्रकं मागवायची आणि सर्वांत कमी दराचं पास करायचं, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं. खडूच्या खोक्यावर बाहेर लिहिलेलं असतं तेच आत असतं. इंजिनाचं तसं नसतं. हे शिकायला मला सुपडा मिस्त्री भेटावे लागले, आणि मी ते शिकेपर्यंत त्या माणसाचं वर्कशॉप बुडालं. मी बुडवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

आमच्या उंद्रीच्या बसथांब्यापासून थोडं पुढं, रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली चार टिनपत्रे टाकून मिस्त्रींनी वर्कशॉप थाटलं होतं. पाटी नव्हती. पाटी लावा म्हटलं तर म्हणायचे, ज्याची गाडी बिघडते त्याले बरोबर दिसते. बुटके, काळेसावळे, कानांवर केस वाढलेले. सुपडा हे नाव आमच्याकडे घरोघरी सापडतं. आधीची लेकरं जगली नाहीत की नव्या लेकराला सुपात घालून शेजारणीला खोटंखोटं विकायचं आणि परत घ्यायचं, म्हणजे त्याच्यावर नजर पडत नाही. मिस्त्रींना त्यांच्या आईनं पसाभर ज्वारीवर विकलं होतं. "माहा भाव त पयल्याच दिवशी झाला," असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि स्वतःच हसत. मीही हसले होते. तेव्हा मला सगळ्यावरच हसू यायचं, फक्त स्वतःवर सोडून.

इंजिन खोलायची त्यांची एक रीत होती. ते गाडी ठेवून जा म्हणत नसत. मालकानं समोर बसायचं, तेलाच्या पालथ्या डब्यावर, खोलून होईपर्यंत. खाली त्यांच्या बायकोचं, गोकर्णाबाईचं, धुतलेलं जुनं पांढरं लुगडं अंथरायचं आणि निघेल तो नटबोल्ट, निघेल तो पार्ट, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं डावीकडून उजवीकडे पंगतीसारखा मांडायचा. मालक उठून चहाला गेला की मिस्त्रींचं काम थांबलं. "तुमी नजर हटवली त माहा हात थांबते," म्हणायचे. झिजलेला पार्ट निघाला की तो मालकाच्या हातात द्यायचे आणि बोट फिरवायला लावायचे. काम झालं की जुनं सगळं पोत्यात बांधून परत. हे तुमच्या गाडीतून निघालं, हे तुमचं. संध्याकाळी आधी घासलेटानं आणि मग मूठभर ज्वारीच्या पिठानं हात घासायचे, आणि तरीही ते हात गोकर्णाबाई पोळपाटाला लावू देत नसे.

आता मला सांगा, याहून उघडं काम कोण करतं? पण गावात त्यांचं नाव काय होतं? चोर. सुपड्याकडे गाडी नेली की आतून काहीतरी निघतंच, असं पारावर बसून लोक बोलायचे. मग काय निघू नये? वीस-वीस, तीस-तीस वर्षं वापरलेलं यंत्र, त्यात पाणी कमी, तेल शिळं, वर आठ माणसांच्या जागी चौदा कोंबलेली. ते खोलल्यावर आत काय मोगऱ्याची फुलं निघणार? सर्जननं पोट उघडलं आणि बाहेर येऊन सांगितलं की आत आणखी एक गाठ निघाली, तर आपण त्याचे पाय धरतो, काय लागेल ते करा डॉक्टर म्हणतो. मिस्त्रीनं तेच सांगितलं तर आपण त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहतो. कारण एकच, डॉक्टरचे हात पांढरे असतात.

डोणगावच्या एका धान्याच्या अडत्याची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. चांगली गाडी घेऊन आले. सोबत एक मित्र, खिशात पैसे, इंजिनातून आवाज येतो म्हणाले, पूर्ण खोलून बांधा. मिस्त्रींनी हातभर लांबीचा पेचकस इंजिनाला टेकवला, त्याच्या मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. ही त्यांची नाडीपरीक्षा. दोन ठिकाणी ऐकलं, तिसऱ्या ठिकाणी थांबले. पंख्याच्या पट्ट्याची पुली ढिली झाली होती. दहा मिनिटांचं काम. "इंजिनाले काई झालं नाही," म्हणाले, "काऊन खोलाचं?" आणि पुली कसून चहापुरते पैसे मागितले.

माणूस खूश व्हायला पाहिजे की नाही? अडत्यांना अपमान वाटला. एवढी तयारी करून आलो आणि हा दहा मिनिटांत वाटेला लावतो म्हणजे काय. दुसऱ्या गावी नेऊन त्यांनी हट्टानं इंजिन खोलून घेतलं, आणि परत आल्यावर गाडीला दोन नवे आवाज लागले. मग सगळीकडे सांगत सुटले की सुपड्याला इंजिनाचं काम येत नाही, म्हणून त्यानं टाळलं. म्हणजे खोललं तर चोर, नाही खोललं तर अडाणी. आजही हे आठवलं की माझं टाळकं फिरतं. पण फिरवून उपयोग काय, त्या अडत्याला मी नावं ठेवते, आणि त्याच्यापेक्षा वाईट वागलेली बाई रोज सकाळी आरशात मला नमस्कार करते.

आमचे हे ढोरांचे डॉक्टर होते. गोल छपराची जुनी पेट्रोलची मोटार त्यांनी सेकंडहँड घेतली आणि तिच्यातून आयुष्यभर खेड्यापाड्यांत फिरले. ते गेल्यावर तीन वर्षं ती पत्र्याखाली उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मुलगा म्हणाला, भंगारात देऊन टाक. त्यानं तसं म्हटलं नसतं तर कदाचित मी दिलीही असती. पण त्यानं म्हटल्यामुळे मी जाहीर केलं की गाडी दुरुस्त करणार, आणि मीच चालवणार. मग बसले तीन पाकिटं तयार करायला.

एकानं चिखलीहून आणि एकानं खामगावहून आकडा पाठवला. दोघांनीही गाडी पाहिली नव्हती. एकानं तर फक्त रंग विचारला होता. मला यात काही गैर वाटलं नाही. तिसरं पाकीट सुपडा मिस्त्रींचं. माझंच पत्र परत आलं होतं आणि मागं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती, इंजिन खोलल्याबिगर आकडा सांगता येत नाही. मी लाल पेन घेतला आणि त्या एका ओळीत दोन दुरुस्त्या केल्या. खरंच केल्या. तो कागद मी अजून ठेवला आहे, शिक्षा म्हणून.

मग ती दोन पाकिटं हातात घेऊन मी वर्कशॉपवर गेले. तिथं चार-पाच जण आपापल्या गाड्यांसाठी थांबले होते. मिस्त्रींनी मला डबा पुसून दिला. समजावून सांगितलं की सिलिंडरचा बोअर किती झिजला, आत चीर आहे का, हेड वाकलंय का, हे झाकणाबाहेरून सांगणारा एक तर देव असला पाहिजे नाही तर लबाड. पुष्कळ वेळ सांगत होते. मी ऐकत नव्हते. मी माझं वाक्य जुळवत होते. ते थांबल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा, प्रार्थनेच्या वेळच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, आकडा लिहायला भिता कशाला? लिहिला की मागून वाढवता येणार नाही म्हणून?"

कुणीतरी हसलं. मिस्त्रींनी हात पुसले, बराच वेळ पुसले. मग विचारलं, या दोघांत खालचा आकडा कोणता. मी दाखवला. त्यांनी माझाच पेन घेतला, त्याच्याखाली आणखी थोडा कमी आकडा लिहिला आणि सही केली.

"एवढ्यात बांधून देतो," म्हणाले. "आतून काई बी निंघो."

मी विजयी होऊन घरी आले आणि शिरा केला.

वर्कशॉपच्या मागं विटांवर चढवलेला एका गाडीचा सांगाडा होता, आमच्याच गाडीच्या जातीचा. त्यावर ताडपत्री. ती मिस्त्रींची स्वतःची गाडी. कुठं मोडीत निघालेला दरवाजा आण, कुठून गिअरबॉक्स आण, असं करत बारा वर्षं ते ती जुळवत होते. इंजिन आत पत्र्याच्या खोलीत लाकडी घोडीवर, पोत्यात गुंडाळून ठेवलेलं. एखाद्या बाळंतिणीला जपावं तसं. गावातली पोरं त्यावरून त्यांची थट्टा करत. मी तर शाळेतल्या मुलांना सांगायची, बघा, नियोजन नसलं की असं होतं.

आमचं इंजिन खोललं त्या दिवशी मी छत्री घेऊन डब्यावर बसले. नियम म्हणजे नियम. झाकण निघायच्या आधीच दोन बोल्ट गंजून आत तुटले, ते कोरून काढण्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ते झाकण, म्हणजे हेड, निघालं, त्यावर पट्टी ठेवून मिस्त्रींनी मला वाकायला लावलं. पट्टीखालून उजेड दिसत होता. हेड वाकलेलं. मग सिलिंडरच्या आत बोट फिरवायला लावलं. वरच्या काठाला वाटीसारखी कड लागली, म्हणजे खाली सगळं झिजलेलं. प्रत्येक वेळी ते एवढंच म्हणायचे, हे निंघालं. आणि मी छत्रीखालून म्हणायची, दरपत्रकात धरा.

सगळ्यात शेवटी क्रँक निघाला. इंजिनाच्या पोटातला तो वाकड्यातिकड्या कोपरांचा लोखंडी दांडा, सगळं त्याच्यावर फिरतं. मिस्त्रींनी तो दोरीनं कडुनिंबाच्या फांदीला टांगला आणि हातोडीनं हलकेच ठोकला. ठद्द असा आवाज आला, मडक्याचा यावा तसा. मग घासलेटात भिजवून, पुसून, त्यावर खडूची भुकटी टाकली. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. आतली चीर घासलेट पिऊन बसली होती, ती बोलली. मिस्त्री म्हणाले की चांगला क्रँक घंटेसारखा वाजतो, हा गेला. हा घातला तर पन्नास किलोमीटरवर मोडेल आणि सगळं इंजिन फाडेल.

एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्याचा अर्थ आज मला नीट कळतो. एका माणसानं दुसऱ्याला माणूस होण्यासाठी दिलेली ती सवड होती. मी एवढं म्हटलं असतं की बघा मिस्त्री, हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं, तर बास होतं. मी म्हणाले, "कागद झालाय ना आपला?"

"हो," ते म्हणाले, "झाला." आणि लुगड्याचं टोक उचलून त्यांनी तो क्रँक झाकून टाकला.

चार दिवसांनी बोलावणं आलं. फांदीला पुन्हा क्रँक टांगलेला होता. ठोकला तर टण्ण करून वाजला, आमच्या शाळेच्या घंटेपेक्षा गोड. मी वीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं आहे. धातूचे गुणधर्म पाठ करून घेतले आहेत, न येणाऱ्यांना छड्या दिल्या आहेत. आणि ती मी, त्या झाडाखाली उभी राहून म्हणाले, घासूनपुसून आवाज सुधारला की हो! मिस्त्री खाली पाहू लागले. गोकर्णाबाई चहा घेऊन येत होती, ती अर्ध्या वाटेतून कप घेऊन तशीच आत गेली. मला वाटलं, साखर विसरली असेल.

गाडी झाली. त्यांनी जुनं सगळं पोत्यात बांधून डिकीत ठेवलं आणि बजावलं, सोडून पाहा एकदा. मी पाहिलं नाही. भंगारवाल्याला दिलं. पोतं इतकं जड कसं, याचं मला नवल वाटलं, म्हणून मी वजनावरून त्याच्याशी भांडून चार पैसे जास्त काढले. आमचा चिरलेला क्रँक त्या पोत्यात होता. त्या माणसानं माझ्यापासून काहीही लपवलं नव्हतं. गाठ तेवढी मी सोडायची होती.

पहिली फेरी देऊळगाव राजाच्या बालाजीला. मी चालवायला, मिस्त्री शेजारी, गोकर्णाबाई मागं नारळ घेऊन. नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा पळवायचं नसतं, चाळिसाच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. एसट्या गेल्या, कापसाचे ट्रॅक्टर गेले, एक सायकलवाला घंटी वाजवून गेला. माझा पाय शिवशिवत होता. मिस्त्री म्हणाले, "बाई, नव्या सुनेसारखं वागवा याले. सहा मयने जड काम सांगू नका."

मागून आवाज आला, "आन् तुमी कवा वागवलं मले तसं?"

मिस्त्री खिडकीबाहेर पाहू लागले. थोड्या वेळानं त्यांनी मान न वळवता विचारलं, सीट टोचते काय. ती म्हणाली, नाही, चांगली हाय. मी मागच्या आरशात पाहिलं तर ती सीटवरून हात फिरवत होती. देवळापाशी पोहोचल्यावर आम्ही दोघी दर्शनाला गेलो. मिस्त्री आले नाहीत. बाहेर येऊन पाहतो तर चालू गाडीच्या बॉनेटवर कान ठेवून उभे, भोवती चार-दोन लोक, आणि हे सगळ्यांना गप्प राहा म्हणून हात करताहेत.

इथपर्यंत मी एका माणसाचं नुकसान केलं होतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मूर्ख माणसाला आपल्या शहाणपणाचं भाषण दिल्याशिवाय चैन पडत नाही. हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळात काटकसरीवर बोलायला मला उभं केलं. मी इंजिनाची कथा सांगितली. लेखी घ्या, घाबरू नका, मिस्त्री लोक आतून निघालं आतून निघालं म्हणतात, पण कागदावर सही घेतली की सगळं बरोबर त्या पैशात बसतं. टाळ्या पडल्या. मग हीच कथा मी लग्नांत सांगितली, बँकेच्या रांगेत सांगितली, चिखलीच्या एसटीत सांगितली. बायकांनी घरी नवऱ्यांना सांगितली.

आणि आमच्या भागात एक नवा दर तयार झाला, बाईचा भाव. जो तो येऊन मिस्त्रींना विचारायचा, बाईच्या भावात बांधता का? ते म्हणायचे, खोलू द्या. लोक म्हणायचे, बाईंना तर न खोलता दिला. ते काय सांगणार होते? खरं सांगितलं असतं तर माझी अब्रू गेली असती. न सांगून त्यांचं गिऱ्हाईक गेलं. काही कामं त्यांनी त्या भावात घेतली आणि पदरचे पैसे घालून पुरी केली. बाकीची दुसरीकडे गेली. तीन वर्षांत टिनपत्रे निघाले. कडुनिंबाखाली मोकळी जागा पाहून माझ्या मनात काय आलं सांगू? गाडी सावलीत लावायला बरं झालं. दोन उन्हाळे मी तिथं गाडी लावली. चोर म्हणणारा गाव, अडाणी म्हणणारा अडत्या, यांच्यावर मी आज दात खाते, पण त्यांच्यातल्या कुणी त्या माणसाच्या उखडलेल्या जागेवर त्याच्याच हातची गाडी उभी केली नव्हती.

मला हे सगळं कळलं ते चिखलीच्या बाजारात, वांग्यांवरून. भाजी घेऊन बसलेल्या बाईशी मी सवयीनं घासाघीस करत होते. एवढे कुठं असतात, कमी कर, अमकी तर इतक्याला देते. तिनं तागडी खाली ठेवली आणि पदर मागं सारला तेव्हा मी ओळखलं. गोकर्णाबाई.

"घ्या बाई," ती म्हणाली. "बाईचा भाव लावा. इंजिनाले लावला तसा."

मी काहीतरी पुटपुटले, मिस्त्री कसे आहेत वगैरे. मग ती जे बोलली ते भाजीवाल्यांच्या अख्ख्या ओळीनं ऐकलं. "तो क्रँक कुठून आला वाटलं तुमाले? आमच्या गाडीतला काढला त्यायनं. बारा वर्सं जमवली होती गाडी. मले म्हनत, तुह्या माहेरी डोनगावले याच्यातच नेईन. क्रँक गेला, मंग हेड गेलं, मंग दुसऱ्यायच्या इंजिनात बाकीचं गेलं. सांगाडा भंगारात देल्ला. मी म्हनलं, बाईले सांगा. त म्हनत, कागद झाला." एवढं बोलून तिनं माझी पिशवी ओढून घेतली, वांगी भरली, वर एक जास्तीचं टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मला लाज वाटली असं लिहिलं तर छान दिसेल. पण तेव्हा लाज वाटली नाही, राग आला. तिचा, चारचौघांत बोलली म्हणून. आणि त्यांचा तर भयंकर. एवढा मोठा माणूस, तोंड नाही त्याला? मी काय वाघीण होते? (होते. पण ते नंतर कळलं.) त्या रागातच मी गाडी काढली आणि सरळ देऊळगाव राजाला गेले. तिथं बसस्टँडजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री रोजानं कामाला लागल्याचं तिनं बोलता बोलता सांगितलं होतं.

गॅरेजच्या दाराशी, जमिनीवर बसून ते व्हॉल्व बसवत होते. काडीच्या टोकाला व्हॉल्व चिकटवायचा आणि ती काडी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळावं तशी फिरवायची, तासन्‌तास. केस सगळे पांढरे झाले होते, कानावरचेसुद्धा. मी गाडी थांबवली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. इंजिन बंद होईपर्यंत ऐकत राहिले, आणि मग खालूनच म्हणाले, बाई आल्या. तेल बदललं नाही वाटते.

मी बरसले. रस्त्यावरचे लोक थांबले. तुम्ही मला सांगितलं का नाही, तुमच्या गाडीतला काढायची काय गरज होती, मी राक्षस आहे का, इतकी वर्षं मला मूर्ख बनवलंत. त्यांनी मला बसायला डबा दिला. म्हणाले, सांगाचं काय, पोत्यात देल्ता ना बांधून. मग उठून बॉनेट उघडलं, मला इंजिन सुरू करायला लावलं, तोच लांब पेचकस आतून मागून घेतला, कान लावला. समाधानानं मान हलवली. तो क्रँक अजून घंटेसारखा फिरत होता.

त्या समाधानानं मी आणखी पेटले. म्हटलं, सांगा किती झाले ते, क्रँकचे, हेडचे, सगळ्याचे, आत्ताच्या आत्ता देते. पिशवी उघडून उभी राहिले, वांगी बाजूला सारून. मला वाटत होतं, आता हा माणूस आकडा सांगेल आणि मी सुटेन.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. वर्षभरात ते गेले, आणि मला कळलं तेही महिन्यानं. त्यांचं ते दाराशी बसलेलं रूपच माझ्याकडे शेवटचं. मी पिशवी उघडून उभी, आणि ते काडी पुन्हा तळव्यांत धरत, जराही आवाज न चढवता, मला म्हणाले,

"पैशाचं काई नाही, बाई. तुमी साऱ्या मुलखाले सांगत फिरल्या, का सुपडा सस्ता हाय. येक डाव सांगाचं होतं, का सुपडा चांगला हाय."